गिरणीचा शेजारी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी म्हणायला नको की एवढ्यातेवढ्यावरून या बाईचा जीव का वरखाली होतो. नको त्या वेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. वाजायच्या वेळी वाजला नाही, तर त्याहून मोठा येतो. नवरा म्हणतो, तुला काळजी करायला काही सापडलं नाही, तर तू त्याचीच काळजी करत बसशील. म्हणू दे. त्याची आई अजून धडधाकट आहे आणि रोज सकाळी फोन करून काय खाल्लंस म्हणून विचारते.

माझी आई मी कॉलेजात असताना गेली. जुन्या पनवेलमध्ये, उरण नाक्याच्या अलीकडच्या एका आळीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, शेजारच्या खोल्यांत टेलरकाकांचं बिऱ्हाड, खाली जिन्यापाशी पाटी घेऊन बसणाऱ्या कोळीण मावशी. बाबा रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्या दिवशी बाबा पहिल्या पाळीला गेले, मी कॉलेजला गेले, आईने आतून कडी लावली आणि ओट्याशी काम करताना भोवळ येऊन ती पडली. पडली ती पडूनच राहिली. खाली मावशींचं गिऱ्हाईक चालू होतं, पलीकडे काकांचं शिलाई मशीन चालू होतं, आळीतला सगळा कारभार रोजच्यासारखा चालला होता. मी दुपारी आले, कडी वाजवली, हाका मारल्या, मग काकांनी दार फोडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जरा लवकर आणलं असतं तर." पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही, मान खाली घातली. तो 'तर' माझ्या कानात जो जाऊन बसला, तो बसलाच.

मावशी कितीतरी दिवस जिन्यात मला थांबवायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. "मी खालीच होते गो पोरी. मना कायच कललं नाय." मलाही कळलं नव्हतं, बाबांनाही नव्हतं. त्या दोन खोल्यांच्या भिंतीआड काय चाललंय ते बाहेर कुणाला समजायची काही सोयच नव्हती.

पुढे माझा डिप्लोमा झाला, लग्न झालं, मी नवीन पनवेलला राहायला गेले आणि तिथेच एका केबलवाल्याकडे नोकरीला लागले. मोबाईलवर नेट चालायच्या आधीची ती वर्षं. घरोघरी कॉम्प्युटर आले होते आणि त्यांना नेट पुरवायचे ते गल्लीतले केबलवालेच. आमचे शेठ आधी टीव्हीची केबल द्यायचे, मग त्याच गच्च्यांवरून, त्याच खांबांवरून त्यांनी नेटच्या निळ्या वायरी ओढल्या. या गच्चीवरून त्या गच्चीवर, मध्ये कुणाचं वाळत घातलेलं लुगडं, कुणाचे पापड. असं सगळं जुनं पनवेल आम्ही बांधून काढलं होतं.

या वायरी जिथे एकत्र येतात तिथे स्विच नावाचा डबा लागतो. आमच्याकडे त्याला डबाच म्हणायचे. एक वायर आत येते, पाचसात बाहेर जातात, बारीक हिरवे दिवे लुकलुकत राहतात. डब्याला वीज लागते आणि गच्चीवर वीज कोण देणार? म्हणून आमच्या धंद्यात एक रीत होती. आळीतल्या एखाद्या घरात डबा ठेवायचा, त्याच घरची वीज घ्यायची आणि त्या घराला नेट फुकट द्यायचं. आणि डबा ज्याच्या घरात, त्याचंच नाव डब्याला. पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर होता तो 'गिरणी'. टेलरकाकांकडे होता तो 'टेलर'. एक केसांच्या सलूनमध्ये होता, त्याचं नाव काय असेल ते सांगायला नको. ऑफिसात आमची भाषाच तशी झाली होती. "गिरणी झोपली", "टेलर उठला", असं दिवसभर चालायचं.

आता हे डबे एकमेकांना ओळखतात कसे, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रत्येक डबा आपल्याला जोडलेल्या प्रत्येक वायरीतून दर अर्ध्या मिनिटाने सांगतो, मी अमुक, माझ्या अमुक नंबरच्या खाचेतून बोलतोय. पलीकडचा ते ऐकतो आणि आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो, की माझ्या पाचव्या खाचेला टेलर आहे. उत्तर द्यायची पद्धत नाही. तोही आपलं आपलं सांगतच असतो. आणि ऐकलेलं पुढे कुणाला सांगायचं नाही, जो तो फक्त लगतच्या शेजाऱ्यालाच ओळखतो. त्यामुळे मला ऑफिसात बसून टेलरची खबर हवी असेल, तर आधी कॉम्प्युटरवरून गिरणीच्या डब्यात शिरायचं आणि तिला विचारायचं, बाई, तुझे शेजारी कोण कोण आहेत? ती तक्ता दाखवते. एखादा डबा रीतसर बंद केला तर तो जाताना सांगून जातो आणि त्याचं नाव लगेच निघतं. न सांगता गेला, तर शेजारी दोन मिनिटं त्याची वाट बघतो आणि मग नाव पुसून टाकतो.

हे मला ज्याने शिकवलं तो माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. मोठा टवाळ माणूस. तो आपला सहज सांगत होता आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याला वाटलं एसी जास्त झाला. दोन मिनिटं! लोखंडाच्या डब्याला शेजारचा गप्प झालेला दोन मिनिटांत कळतो. आणि आमच्या आळीला आई पडलेली कळायला दुपार झाली होती.

त्याच दिवशी मी ठरवलं की बाबांकडे डबा बसवायचा.

बाबा तेव्हा रिटायर होऊन एकटेच राहत होते. आमच्याकडे या म्हटलं तर "जावयाच्या घरी कशाला?" हे एकच पालुपद. मोबाईल घेऊन दिला होता, तो कपाटावर चार्जिंगला. बरोबर घेऊन फिरायचं यंत्र आहे ते, हे त्यांना कधी पटलंच नाही. मी दिवसातून चारदा फोन करायचे, ते एकदा उचलायचे, आणि उरलेल्या तीन वेळा माझ्या डोळ्यांसमोर ओट्याशी पडलेली आई यायची. असा किती दिवस जीव टांगणीला लावून बसायचं माणसाने?

खरं सांगायचं तर त्या मजल्यावर दुसऱ्या डब्याची गरज नव्हती, टेलरकाकांकडचा पुरत होता. पण मी शेठना पटवलं की मागच्या आळीला वायर लांब पडते, मध्ये एक डबा हवाच. गिरणीच्या माळ्यावरून बाबांच्या गॅलरीपर्यंत वायर मी स्वतः उभी राहून ओढून घेतली. दाराशेजारच्या खिडकीतून ती आत घेतली, टीव्हीखालच्या बोर्डात प्लग खोचला आणि डब्याचं नाव ठेवलं 'बाबा'.

बाबांनी सगळं बघितलं आणि तक्रारींना सुरुवात केली. "तुझ्या या वायरीमुळे खिडकी पुरती लागत नाही. संध्याकाळी डास येतात."

"मग कासवछाप लावा."

"आणि रात्रंदिवस चालू राहणार हे?"

"हो बाबा. याला हात लावायचा नाही. हा सारखा मी आहे, मी आहे म्हणून सांगत असतो. गप्प झाला की तिकडे मला दिसतं."

बाबांनी डब्यावर टिचकी मारली. मग म्हणाले, "म्हणजे भोंगा आहे आमचा."

कारखान्याचा भोंगा मला चांगला आठवत होता. लहानपणी आपट्याला चुलत्यांकडे गेलो की पाताळगंगेच्या काठावर खेळताना तो ऐकू यायचा आणि मी रडत घरात पळायचे. वायू गळाला की भोंगा वाजतो, एवढंच मला माहीत होतं. बाबा मला उचलून घ्यायचे. "अगं, आज सोमवार. सोमवारी भोंगा चालतोय का ते बघतात. वाजला म्हणजे सगळं ठीक आहे. सोमवार असून वाजला नाही, तर मात्र मला येऊन सांग." तेव्हापासून आपट्याला असले की मी दर सोमवारी भोंग्याची वाट बघत बसायचे आणि तो वाजेपर्यंत मला जेवण जायचं नाही. आता कळलं ना, भित्रेपणाला खतपाणी कुणी घातलं ते?

डबा बसला आणि माझं नवंच व्यसन सुरू झालं. सकाळी ऑफिसात आले की चहाचा कप हातात घ्यायचा, गिरणीत शिरायचं, तक्ता उघडायचा. टेलर आहे. बाबा आहेत. मगच चहाचा पहिला घोट. जेवायच्या आधी एकदा, निघताना एकदा. मध्येच काही कारण नसताना एकदा. नाव दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा. सहकारी म्हणायचा, "देवाला तरी एवढ्या वेळा हात जोडतेस का गं?"

पण बाबा पडले कारखान्यातले इलेक्ट्रिशियन. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद केल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. जन्मभराची सवय ती, त्यांच्याकडे सगळेच जुने कामगार तसे. रोज संध्याकाळी वडाळे तलावावर फिरायला निघाले की खटकन मेन बंद. दोन मिनिटांत इकडे गिरणी 'बाबा' हे नाव पुसून टाकायची, मागच्या आळीचं नेट जायचं, तक्रारींचे फोन सुरू, आणि सहकारी खुर्ची फिरवून ओरडायचा, "बाबा गेले!"

"असं अभद्र बोलू नकोस, सांगून ठेवते! डबा बंद पडला म्हण!"

"बरं बाई, डबा."

मी पर्स उचलायची, रिक्षा पकडायची आणि पूल ओलांडून जुन्या पनवेलला. दरवेळी मला माहीत असायचं की मेन बंद केला असणार. दरवेळी रिक्षात मात्र मनात तेच यायचं, आणि आजच नेमकं तसं नसलं तर? वर जाऊन बघावं तर बाबा तलावावरून परत आलेले, मेन चालू, आणि गॅसवर चहा. माझं डोकं फिरायचं. मी अशी ओरडायचे की मावशी खालून विचारायच्या, "काय झालं गो? बापावर कशाला वरडतेस?" बाबा शांतपणे दोन कप भरायचे. "आलीस? बस. बिस्कीट देऊ?" त्यातल्या किती वेळा त्यांनी विसरून मेन बंद केला आणि किती वेळा मुद्दाम, याचा मला अजून संशय आहे.

शेवटी शेठ वैतागले. डबा काढा म्हणाले, लोक शिव्या घालतात. माझं धाबं दणाणलं. मी बाबांसमोर जाऊन बसले आणि ओरडले नाही, रडले. "बाबा, तो डबा काढला तर मला झोप लागणार नाही. आई कशी गेली ते आठवा." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तिची शप्पथ. नाही हात लावणार."

आणि त्यांनी तो लावला नाही. मेन चालू ठेवून बाहेर पडताना त्यांचा हात तिथे जाऊन परत यायचा, मी स्वतः बघितलंय. त्यानंतर लोडशेडिंगच्या ठरलेल्या वेळा सोडल्या, तर 'बाबा' तक्त्यातून कधी हलले नाहीत.

मग ती नारळी पौर्णिमा आली. मला भाऊ नाही, त्यामुळे राखीचा दिवस माझ्यासाठी कामाचाच. सकाळी ऑफिसात आले, चहा घेतला, गिरणीत शिरले. टेलर आहे. बाबा आहेत. फोन लावला, उचलला नाही. त्यात काय नवीन? श्रावण चालू होता, बाबा देवळात गेले असतील. मी चहा प्यायले. नंतर बघितलं, होते. जेवायच्या वेळी बघितलं, होते. त्या दिवशी मी जरा खुशीतच होते.

दुपार कलली आणि मागच्या आळीतून फोन आला, नेट बंद आहे. मी तक्ता उघडला. टेलर होता. 'बाबा' नव्हते. पुन्हा उघडला. नव्हते.

"केलं ना त्यांनी परत?" सहकारी हसला. "मी म्हटलंच होतं, म्हातारा किती दिवस टिकतोय."

"ते करणार नाहीत."

"अगं, लाईट गेली असेल."

"टेलर चालू आहे. एकाच बिल्डिंगची लाईट एका घरात कशी जाईल?"

"मग उंदराने वायर खाल्ली असेल. मी पाठवतो कुणाला तरी, तू बस." मग माझ्या तोंडाकडे बघून तो हसायचा थांबला.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कपाटावर वाजणारा तो फोन मला इथे बसून दिसत होता. टेलरकाकांना लावला, तर ते राखीसाठी आदल्या संध्याकाळीच बहिणीकडे गेलेले, पेणला, सगळ्या बिऱ्हाडासकट. मावशींकडे फोन नव्हताच, आणि असता तरी काय? नारळी पौर्णिमेला त्या पनवेलमध्ये कशाला थांबतील! समुद्राला नारळ द्यायला आदल्या दिवशीच उरणला गेल्या होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. रोज सकाळी बाबा गॅलरीत उभे राहून खाली विचारायचे, "मावशी, काय आणलंय आज?" श्रावणातसुद्धा, निव्वळ छळायला. आणि मावशी वर न बघता, "घ्याचा नाय तर इचारता कशाला?" हा त्या दोघांचा रोजचा नेम होता. बाबांची हाक आली नसती तर मावशींनी जिना चढून बघितलं असतं. आईच्या वेळेपासून त्या एवढं करायच्याच. त्या दिवशी हाक ऐकायला खाली कुणी नव्हतं.

रिक्षावाल्याला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. नाक्यापाशी वाजतगाजत एक मिरवणूक चालली होती आणि रिक्षा जी अडकली ती हलेना.

"दादा, जरा बघा ना, दुसरीकडून काढा!"

"ताई, आज नारली पुनव हाय. सगलीकडं गर्दी हाय. मी काय उडून नेऊ तुमाला?"

मी उतरले आणि धावत सुटले. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथेच टाकली. मनात एकच चाललं होतं, उंदीर असू दे. देवा, वायरच तुटलेली असू दे. मी त्यांच्यावर कधी ओरडणार नाही, तलावावर मेन बंद करून जाऊ देत, रोज जाऊ देत.

जिना चढून वर आले. गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. टेलरकाकांच्या दाराला कुलूप. ते कुलूप बघितलं आणि मी जागच्या जागी थिजले. आत कुणी माणूस नव्हतं, आदल्या संध्याकाळपासून नव्हतं. आणि मी सकाळपासून ऑफिसात बसून वाचत होते, टेलर आहे, टेलर आहे. डबा फक्त डब्याचं सांगत होता. तो चालू असला म्हणजे त्या घरातलं माणूस चालतंफिरतं आहे, हे मीच माझं धरून बसले होते. म्हणजे सकाळी 'बाबा' दिसले तेव्हा. मी चहा पीत होते तेव्हा. जेवत होते तेव्हा!

बाबांच्या दाराला कुलूप नव्हतं. कडी आतून होती. तेच दार, तीच कडी.

"बाबा!"

आतून काही आवाज आला नाही. मी दारावर दोन्ही हातांनी मारलं. दार फोडायला यावेळी काका नव्हते. मग नजर खिडकीकडे गेली. माझ्या निळ्या वायरीमुळे ती बोटभर उघडी होती, नेहमीसारखीच. मी बोटं घालून झडप ओढली, हात खांद्यापर्यंत आत घातला, गजावर कोपर सोलवटून निघालं, आणि कडी हाताला लागली.

बाबा टीव्हीसमोर जमिनीवर पडले होते. एक पाय विचित्र वळलेला. स्वयंपाकघराच्या दारापासून तिथपर्यंत लादी पुसल्यासारखी दिसत होती, तेवढं ते सरपटत आले होते. चहाचं पातेलं आत ओट्याखाली उपडं पडलं होतं. तोंड कोरडं, डोळे अर्धवट उघडे. आणि मुठीत डब्याचा प्लग, बोर्डातून उपसलेला, वायरीसकट घट्ट धरलेला.

मी खाली बसले. त्यांच्या नाकाशी हात नेला. मग त्यांनी डोळे फिरवले आणि माझ्याकडे बघितलं.

"सकाळी ओल्या लादीवरून घसरलो," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "हाका मारल्या. मावशी नाहीत. कुणी नाही."

सकाळी! म्हणजे मी पहिला घोट घेतला तेव्हा ते लादीवर होते आणि टीव्हीखाली हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. मला ब्रह्मांड आठवलं. बोलावं म्हटलं तर तोंडातून शब्द फुटेना. मी नुसती त्यांचा हात धरून बसले.

"फोन वर आहे. हात पुरत नाही," ते म्हणाले. थांबून त्यांनी श्वास घेतला. "मग हा डबा दिसला. म्हटलं, हा बंद केला की तू येतेसच. ओरडायला का होईना, येतेस."

त्यांनी मूठ जराशी वर केली, प्लग दाखवला. "तिची शप्पथ मोडली बघ."

माझे बाबा कारखान्यात वायू गळाला तेव्हा आत गेलेले, आई गेली तेव्हा माझ्यासमोर डोळ्यांतून टिपूस न काढलेले. त्यांनी माझं बोट दाबलं आणि लहान मुलासारखे म्हणाले, "अशी गप्प बसू नकोस गं. मला भीती वाटते. ओरड ना."

आणि मी ओरडले. आधी त्यांच्यावर. लादी ओली ठेवून चालायचं कशाला, फोन जवळ ठेवायला काय होतं, आमच्याकडे या म्हणून किती वर्षं सांगतेय. रडत रडत, जे तोंडाला येईल ते. मग उठले, गॅलरीत गेले आणि आळीवर ओरडले. कुणाचं नाव घेऊन नाही. नुसतंच, या, कुणीतरी या, वर या. समोरच्या बिल्डिंगमधली एक खिडकी उघडली. मग दुसरी. मिरवणुकीतून परतणारे तिघे जण जिना चढत आले. गिरणीवाले पिठाच्या हातांनी आले. बाबांना त्यांच्याच आरामखुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं, आणि उतरताना बाबा त्यांना सांगत होते, कुणीतरी आधी तो डबा चालू करा रे, मागच्या आळीचं नेट बंद आहे.

खुब्याचं हाड मोडलं होतं, अंगातलं पाणी कमी झालं होतं. दवाखान्याच्या बाकावर मी एका पायात चप्पल घालून बसले होते. डॉक्टर बाहेर आले आणि मी उभी राहिले.

"आणलंत ते बरं झालं," ते म्हणाले. "वेळेत आणलंत."

मी पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडे. पुढे 'तर' आला नाही.